ड्रायव्हर ‘अपडेट’ झाले आणि काटा, नेट, प्रिंटर सगळंच बसलं: एकेक करून परत कसं आणायचं?

मोंढाकाटा, लातूर

आडत दुकानातला संगणक आहे. चौथ्या पिढीचा आय ३, ८ जीबी रॅम, विंडोज १० प्रो ६४ बिट. प्लॅटफॉर्म काट्याच्या इंडिकेटरची (वजन दाखवणाऱ्या डब्याची) आरएस २३२ सीरियल केबल यूएसबी कन्व्हर्टरमधून संगणकाला जोडलेली. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०. ड्रायव्हर (जोडलेली वस्तू विंडोजकडून चालवून घेणारं छोटं सॉफ्टवेअर) आपोआप नवे करून देणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर या मशीनवर चालवलं गेलं. त्यानं १४ ड्रायव्हर ‘जुने’ म्हणून दाखवले आणि सगळे एकदम बदलले. आता अवस्था अशी:

वजन सॉफ्टवेअरमध्ये येईना गेलंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’खाली पोर्टच्या नावाच्या जागी ‘पीएल २३०३ एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२, प्लीज कॉन्टॅक्ट युअर सप्लायर’ असं वाक्य आलंय.
लॅनचं नेट बंद.
स्क्रीन १०२४ बाय ७६८ वर अडकलाय, वरचं रिझोल्यूशन देईना.
प्रिंटरला जॉब जातो, रांगेतून निघूनही जातो, कागद मात्र हलत नाही.
आवाज नाही, पण त्याची घाई नाही.

फॉरमॅट मारायचा नाही. वजनाचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याची सेटअप फाइल आणि लायसन्सची किल्ली हाताशी नाही. सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आत हे उभं करायचंय. कुठून सुरुवात करावी?

दुरुस्ती टेबल, परभणी

फॉरमॅटची गरज नाही. विंडोज धडधाकट आहे, फक्त चुकीचे ड्रायव्हर पडलेत. पण आधी एक करा: आता कुठेही ‘अपडेट ड्रायव्हर’ दाबू नका. प्रत्येक दाबण्यासरशी मागचा चांगला ड्रायव्हर आणखी एक पायरी मागे जातो. ‘रोल बॅक’ फक्त लगेच आधीच्या ड्रायव्हरवर नेतो, त्याच्या मागच्यावर नेत नाही.

पहिली तपासणी सिस्टीम रिस्टोअरची. रनमध्ये ‘आरस्ट्रूई’ टाइप करा (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितो, टाइप इंग्रजी अक्षरांत करा: आर, एस, टी, आर, यू, आय). अपडेटच्या आधीचा पॉइंट सापडला तर निम्मं काम तिथंच संपतं. दुसरी तपासणी त्या अपडेटर सॉफ्टवेअरची. असली बरीच सॉफ्टवेअरं बदल करण्याआधी जुन्या ड्रायव्हरची नक्कल ठेवतात आणि ‘रिस्टोअर’ किंवा ‘बॅकअप’ असा भाग देतात. तो बघितल्याशिवाय ते सॉफ्टवेअर काढू नका. काढलं की बऱ्याचदा नक्कलही जाते.

दोन्हीकडे काही निघालं नाही तर हार्डवेअर आयडी इथे टाका. डिव्हाइस मॅनेजर, त्या वस्तूवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ‘डिटेल्स’ टॅब, वरच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. सगळ्यांत वरची ओळ द्या. मदरबोर्डच्या डब्यावरचं नाव चालणार नाही, आयडीच हवा.

मोंढाकाटा, लातूर

रिस्टोअर बंदच होतं, एकही पॉइंट नाही. अपडेटरच्या बॅकअपमध्ये फक्त आवाजाचा ड्रायव्हर सापडला, तो परत घेतला. बाकीचे आयडी:

लॅन: पीसीआय, व्हीईएन १०ईसी, डीईव्ही ८१६८
डिस्प्ले: पीसीआय, व्हीईएन ८०८६, डीईव्ही ०४१२
कन्व्हर्टर: यूएसबी, व्हीआयडी ०६७बी, पीआयडी २३०३

एक शंका आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये काही ठिकाणी ड्रायव्हरची तारीख २००६ ची आणि एका ठिकाणी तर १९६८ ची दिसतेय. हे खरंच इतके जुने आहेत का? अपडेटर यांनाच ‘अतिजुने’ म्हणत होता.

वायर आणि पिना, जालना

त्या तारखा मुद्दाम तशा ठेवलेल्या आहेत. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर २१ जून २००६ ही तारीख छापलेली असते, मग फाइल कालची का असेना. इंटेलच्या चिपसेटच्या आयएनएफवर (ड्रायव्हर कुठल्या वस्तूसाठी आहे ते सांगणाऱ्या फाइलवर) १८ जुलै १९६८ असते, ती इंटेल कंपनीच्या स्थापनेची तारीख. कारण एकच. एकाच वस्तूला दोन ड्रायव्हर सारख्याच योग्यतेचे सापडले तर विंडोज नवी तारीख असलेला निवडतं. सर्वसाधारण ड्रायव्हरनं खास बनवलेल्या ड्रायव्हरला बाजूला सारू नये म्हणून त्याची तारीख जाणूनबुजून मागं ढकलतात.

अपडेटर सॉफ्टवेअर बहुतेक तारखेवर जातं. म्हणून धडधाकट मशीनवरही त्याला डझनभर ‘जुने’ ड्रायव्हर सापडतात. तारीख बघून ड्रायव्हर बदलायचा नाही. वस्तू चालत नसेल, किंवा मदरबोर्ड अथवा लॅपटॉपच्या कंपनीनं त्याच मॉडेलसाठी सुरक्षेचा दोष काढून नवा दिला असेल, तरच बदलायचा.

दुरुस्ती टेबल, परभणी

आयडीवरून बघू. व्हीईएन किंवा व्हीआयडी म्हणजे कंपनीचा क्रमांक, डीईव्ही किंवा पीआयडी म्हणजे वस्तूचा. १०ईसी म्हणजे रियलटेक आणि ८१६८ म्हणजे त्यांचं गिगाबिट लॅन. ८०८६ म्हणजे इंटेल. ०६७बी म्हणजे प्रोलिफिक, किंवा प्रोलिफिकचं नाव सांगणारी नक्कल. एनव्हिडिया असतं तर १०डीई आणि एएमडी असतं तर १००२ दिसलं असतं. हे पाच-सहा आकडे पाठ असले की ‘अननोन डिव्हाइस’ फार काळ अननोन राहत नाही.

आधी नेट. नेट नसेल तर ड्रायव्हर आणायचा कुठून, हा घोळ अँड्रॉइड फोननं सुटतो. फोन डेटा केबलनं जोडा, फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. त्याचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये आधीपासून असतो, वेगळा टाकावा लागत नाही. केबल फक्त चार्जिंगची असेल तर काहीच दिसणार नाही, केबल बदलून बघा. जोडणी आली की सेटिंगमध्ये त्या नेटला ‘मीटर्ड’ करा. मग ‘डिव्हाइसेस’मध्ये ‘डाउनलोड ओव्हर मीटर्ड कनेक्शन्स’ बंद असल्याची खात्री करा. नाहीतर फोनचा डेटा विंडोज अपडेटच पिऊन टाकेल, आणि वर पुन्हा नवे ड्रायव्हर ओढेल.

पण लॅनसाठी डाउनलोड करावंच लागेल असं नाही. आधी हे करा: लॅन कार्डवर उजवी क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, मग खालचं ‘लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट’. ‘शो कम्पॅटिबल हार्डवेअर’ची खूण तशीच राहू द्या. त्या वस्तूला लागू पडणाऱ्या, मशीनवर आधीपासून असलेल्या सगळ्या आवृत्त्या तिथे दिसतात. ‘रोल बॅक’चं बटण करडं झालं असलं तरी जुना ड्रायव्हर बऱ्याचदा इथं जिवंत सापडतो. वर ‘दाबू नका’ म्हटलं ते ‘सर्च ऑटोमॅटिकली’बद्दल. ही यादीची वाट वेगळी, ती सुरक्षित आहे.

मोंढाकाटा, लातूर

लॅनच्या यादीत तीन नावं होती. मधली निवडली, नेट आलं. डिस्प्लेच्या यादीत फक्त ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ आणि एक इंटेलचा. तो इंटेलचा निवडला की स्क्रीन काळा होऊन पुन्हा १०२४ वर येतो, आणि कोड ४३ दाखवायलंय.

लॅबसहाय्यक, नांदेड

तो इंटेलचा ड्रायव्हर पुढच्या पिढ्यांसाठीचा दिसतो. इंटेलचं आत्ताचं ग्राफिक्स पॅकेज चौथ्या पिढीला धरत नाही, अपडेटरनं ते जबरदस्तीनं बसवलंय. आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि ‘डीईव्ही ०४१२’ शोधा. सापडलं नाही तर तो ड्रायव्हर या चिपसाठी नाहीच. ही तपासणी कुठल्याही ड्रायव्हरला लावता येते आणि ३० सेकंदांत होते.

नुसता जुना ड्रायव्हर वर टाकून भागणार नाही. चुकीचा ड्रायव्हर विंडोजच्या ड्रायव्हर भांडारात तसाच पडून राहतो आणि विंडोज पुढच्या वेळी पुन्हा तोच उचलतं. तो मुळासकट काढा. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि द्या:

पीएनपीयूटिल /एनम-ड्रायव्हर्स

बाहेरून आलेल्या सगळ्या ड्रायव्हरची यादी येते. प्रत्येकाला ‘ओईएम’ आणि पुढे आकडा असं नाव असतं, खाली मूळ फाइलचं नाव, कंपनी, वर्ग, तारीख आणि आवृत्ती. वर्ग ‘डिस्प्ले’ आणि कंपनी इंटेल असलेला शोधा. समजा तो ओईएम२७ निघाला, तर:

पीएनपीयूटिल /डिलीट-ड्रायव्हर ओईएम२७.आयएनएफ /अनइन्स्टॉल /फोर्स

आकडा दोनदा वाचा. शेजारचा ओईएम२६ कदाचित हार्डडिस्कच्या कंट्रोलरचा असेल. नंतर ‘शट डाउन’ नाही, ‘रीस्टार्ट’च करा. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’मध्ये कर्नल बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर ठेवून पुढच्या वेळी तीच उचलली जाते. म्हणजे जुनाच ड्रायव्हर मेमरीत परत येतो. ‘बंद करून चालू केलं तरी तसंच’ या तक्रारीचं हे एक मोठं कारण.

मग मदरबोर्ड कंपनीच्या पानावरून चौथ्या पिढीचा ड्रायव्हर टाका. नेटची पिन काढून टाका, म्हणजे मधल्या वेळात विंडोज अपडेट स्वतःचा घुसवणार नाही.

एनव्हिडिया किंवा एएमडीचं कार्ड असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाची मोफत उपयुक्तता सेफ मोडमध्ये चालवा, तीही नेट काढून. तुमच्या मशीनला तिची गरज नाही.

सेवाकेंद्र, माजलगाव

सेवा केंद्रावरच्या मशीनसाठी विचारते. डिव्हाइस मॅनेजरमधले कोड लक्षात राहत नाहीत, कुठला कोड म्हणजे काय समजायचं? अंगठ्याच्या मशीनला कधी २८ येतो, कधी ५२.

दुरुस्ती टेबल, परभणी

ताई, रोज भेटणारे एवढेच. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, म्हणजे सगळ्यांत सोपी केस. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण वस्तू सुरू होईना, बहुतेक वेळा चुकीची आवृत्ती. ३९ म्हणजे ड्रायव्हर लोड होऊ शकला नाही. फाइल खराब असेल, किंवा ‘कोअर आयसोलेशन’मधल्या मेमरी इंटेग्रिटीनं जुना ड्रायव्हर अडवला असेल. ४३ म्हणजे वस्तूनंच बिघाड कळवला. चुकीच्या ड्रायव्हरनंही येतो, पण केबल आणि पोर्ट बदलून बघायचा. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पटली नाही.

५२ आला की ‘सही तपासणी बंद करा’ असा सल्ला सगळीकडे मिळतो. स्टार्टअप सेटिंगमध्ये ७ दाबून ते होतं, पण फक्त त्या एका बूटपुरतं. पुढच्या रीस्टार्टला तपासणी पुन्हा चालू. ज्या मशीनवर लोकांचे अंगठे आणि आधार क्रमांक हाताळले जातात, तिथं ही तपासणी बंद ठेवणं मला अजिबात पटत नाही. मशीनच्या कंपनीच्या पानावरून सही असलेली आवृत्ती घ्या.

आणि अंगठ्याच्या मशीनचं मॉडेल तळाच्या स्टिकरवर वाचा. मंत्राचं एमएफएस १०० आणि एमएफएस ११० नावाला शेजारी, पण पहिलं एल० आणि दुसरं एल१ या सुरक्षा दर्जाचं. दोघांची आरडी सर्व्हिस (अंगठ्याचं मशीन आधार पडताळणीला जोडणारं सॉफ्टवेअर) वेगळी. १०० चं पॅकेज ११० ला टाकलं की लाइट लागतो पण पोर्टलवर ‘डिव्हाइस नॉट रेडी’च. जुनी आरडी सर्व्हिस ‘प्रोग्राम्स’मधून काढा, मशीनची पिन काढा, रीस्टार्ट, नवी टाका आणि मग पिन लावा. आरडी सर्व्हिस ब्राउझरशी स्वतःच्या संगणकावरच्या १११०० ते १११२० या पोर्टवरून बोलते, म्हणून अँटिव्हायरसची फायरवॉल ते अडवत नाही ना हेही बघा. संगणकाची तारीख-वेळ चुकली असेल तर सगळं नीट असूनही पडताळणी फसते. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपला असेल तर लाइट गेल्यावर तारीख मागं पळते, म्हणून विम्याच्या गर्दीआधी तो सेल बदलून घ्या.

वायर आणि पिना, जालना

आता काट्याकडे येऊ. मूळ प्रश्न तोच.

‘फेज्ड आउट सिन्स २०१२’ हे वाक्य बिघाडाचं नाही. प्रोलिफिकचा नवा ड्रायव्हर चिप ओळखतो, आणि ती त्यांनी बंद केलेली एचएक्सए किंवा तिच्यासारखी दिसणारी नक्कल असेल तर पोर्ट उघडूच देत नाही. नक्कल स्पष्ट ओळखली तर ‘धिस इज नॉट प्रोलिफिक पीएल २३०३’ असं लिहून येतं. काटा, केबल, कन्व्हर्टर तिन्ही ठीक असतात, फक्त दार बंद असतं. जुना ३.३.२.१०५ हा २००८ चा ड्रायव्हर ही तपासणी करत नाही आणि ६४ बिट विंडोज १० वरही चालतो.

क्रम असा ठेवा. कन्व्हर्टर काढा. पीएनपीयूटिलच्या यादीत कंपनी ‘प्रोलिफिक’ असलेला प्रत्येक ओईएम वर सांगितल्याप्रमाणे उडवा, एकापेक्षा जास्त असू शकतात. रीस्टार्ट. जुन्या ड्रायव्हरचा सेटअप चालवा. मग कन्व्हर्टर लावा. विंडोजनं तरी नवाच उचलला तर यादीच्या वाटेनं ३.३.२.१०५ हातानं निवडा.

गाळप, धाराशिव

जालनेकर, एक दुरुस्ती. ‘पीएल २३०३ म्हणजे जुना ड्रायव्हर टाका’ असा सरसकट नियम करू नका. बाजारात आता पीएल २३०३ जीसी चिपची कन्व्हर्टरही येतात, त्यांचा पीआयडी २३०३ नसून २३ए३ असतो. त्यांना २००८ चा ड्रायव्हर ओळखतच नाही, नवाच लागतो. साखर कारखान्याच्या काट्यावर चार-पाच कन्व्हर्टर असतात, एक जुनं आणि एक नवं असलं की एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला नडतो. आधी पीआयडी बघा, मग ड्रायव्हर ठरवा. लातूरच्या मशीनला २३०३ आहे, म्हणजे तुमचा उपाय तिथं बरोबर.

दुसरं, हा उपाय हंगाम काढण्यापुरता. विंडोज ११ वर मेमरी इंटेग्रिटी चालू असली की इतका जुना ड्रायव्हर कधी अडेल सांगता येत नाही. वजनावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात, तिथं नकली चिपचं कन्व्हर्टर ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे. अस्सल चिपचं कन्व्हर्टर एकदाच घ्यावं.

वायर आणि पिना, जालना

मान्य. २३ए३ चा मुद्दा माझ्याकडून सुटला होता.

अस्सल-नकलीचा प्रश्न प्रोलिफिकपुरता नाही. एफटीडीआयच्या चिपचा व्हीआयडी ०४०३ आणि पीआयडी ६००१ असतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या त्यांच्या ड्रायव्हरनं नकली चिपचा पीआयडी थेट ०००० करून टाकला होता. ते चिपच्या आतच लिहिलं जात होतं, म्हणून कन्व्हर्टर दुसऱ्या संगणकावरही चालत नव्हतं. बोंब झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. म्हणजे ड्रायव्हरनं फक्त विंडोज बिघडतं असं नाही, वस्तूही बिघडू शकते.

पोर्ट दिसायला लागलं तरी वजन येईलच असं नाही. काटा जोडण्याआधी कन्व्हर्टर एकटं तपासा. त्याच्या ९ पिनांच्या टोकाकडे बघा: वरच्या ओळीत पाच, खालच्या ओळीत चार पिना. प्लास्टिकवर बारीक आकडे कोरलेले असतात, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला की दिसतात. २ आणि ३ नंबरच्या पिना तांब्याच्या बारीक तारेनं एकमेकींना जोडा. २ वर डेटा येतो, ३ वरून जातो, ५ म्हणजे ग्राउंड. मग पुटी या मोफत टर्मिनल सॉफ्टवेअरमध्ये ‘सीरियल’ निवडा, पोर्ट नंबर टाका, वेग ९६००, फ्लो कंट्रोल ‘नन’, टर्मिनलच्या भागात लोकल इको ‘फोर्स ऑफ’. आता कळफलकावर जे दाबाल ते स्क्रीनवर उमटलं पाहिजे. तार काढली की उमटायचं थांबलं पाहिजे. हे दोन्ही झालं तर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर शंभर टक्के ठीक, आणि उरलेला दोष केबल, इंडिकेटर किंवा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे.

नंतर तार काढून काटा लावा आणि त्याच पुटीत बघा. सतत पाठवणारा इंडिकेटर असेल तर वजनाच्या ओळी धावायला लागतात. धावतात पण चिन्हं विचित्र, म्हणजे वेग किंवा पॅरिटी जुळत नाही. इंडिकेटरच्या मेनूत वेग बघा, २४०० किंवा ९६०० बहुतेक असतो, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. काहीच येत नाही, तर केबल सरळ आहे की उलटसुलट (२ आणि ३ च्या तारा अदलाबदल केलेली) ते तपासा. डिव्हाइस मॅनेजरमधल्या पोर्ट सेटिंगमध्ये वेग बदलत बसू नका. सॉफ्टवेअर पोर्ट उघडताना स्वतःचाच वेग लावतं.

मोंढाकाटा, लातूर

प्रोलिफिकचे दोन ओईएम निघाले, दोन्ही काढले. जुना ड्रायव्हर टाकला. पोर्ट आलं, तारेची चाचणी पास, पुटीमध्ये वजन धावायलंय. पण आता पोर्टचा नंबर कॉम १९ झालाय. सॉफ्टवेअरमध्ये कॉम ३ भरलेलं आहे आणि बदलायच्या खिडकीत १६ च्या पुढे आकडा घेईना.

गाळप, धाराशिव

व्हीबी ६ मधलं सॉफ्टवेअर असणार. त्याच्या सीरियल नियंत्रणाला १६ च्या वरचं पोर्ट चालत नाही. पोर्टचा नंबर विंडोजमध्ये बदला.

आधी भुतं काढा. डिव्हाइस मॅनेजर, ‘व्ह्यू’, ‘शो हिडन डिव्हाइसेस’. ‘पोर्ट्स’खाली फिकट दिसणारी जुनी पोर्टं एकेक करून अनइन्स्टॉल करा. मग चालू पोर्टच्या प्रॉपर्टीज, ‘पोर्ट सेटिंग्ज’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, खाली ‘कॉम पोर्ट नंबर’मधून ३ निवडा. पुढे ‘इन यूज’ लिहिलेलं असेल आणि त्या नंबरवर खरंच दुसरं काही जोडलेलं नसेल तर खुशाल ‘येस’ म्हणा.

आता कन्व्हर्टर ज्या यूएसबी खाचेत आहे तिथंच राहू द्या. तुमच्या कन्व्हर्टरमध्ये स्वतःचा सीरियल क्रमांक नसतो, म्हणून खाच बदलली की विंडोजला ते नवीन वाटतं आणि नवा कॉम नंबर मिळतो. १९ पर्यंत आकडा असाच चढतो. मशीनच्या मागच्या खाचेत लावा आणि खाचेशेजारी पांढऱ्या पट्टीवर ‘काटा, कॉम ३’ लिहून चिकटवा. झाडणाऱ्या माणसालाही कळलं पाहिजे.

लॅबसहाय्यक, नांदेड

प्रिंटरचं राहिलं. लेझरजेट १०२० मध्ये स्वतःची मुद्रणभाषा नाही, पान बनवण्याचं काम संगणकावरचा ड्रायव्हर करतो. शिवाय त्याचं फर्मवेअर प्रिंटर बंद केला की पुसलं जातं, आणि दर वेळी चालू केल्यावर ड्रायव्हरच ते परत भरतो. म्हणून एचपीचा ‘युनिव्हर्सल’ ड्रायव्हर याला चालत नाही. जॉब जातो, रांगेतून निघतो आणि कागद हलत नाही, हे त्याचंच लक्षण. कॅननचा एलबीपी २९०० ही याच जातीचा, त्यालाही त्याचाच कॅप्ट ड्रायव्हर लागतो.

‘सर्व्हिसेस’मध्ये प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा. विंडोज, सिस्टीम ३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली पुसा, फोल्डर ठेवा. स्पूलर पुन्हा चालू. प्रिंटर ‘रिमूव्ह’ करा. मग ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडून ‘ड्रायव्हर्स’ टॅबमध्ये त्याचं नाव निवडा, ‘रिमूव्ह’, आणि विचारल्यावर ‘ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’. ही पायरी गाळली तर नव्या सेटअपनंतरही जुनाच चिकटून राहतो. प्रिंटरची यूएसबी पिन काढा, १०२० चा ६४ बिट ड्रायव्हर टाका, सांगेल तेव्हाच पिन लावा.

तरीही ‘ऑफलाइन’ दाखवलं तर प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ‘पोर्ट्स’मध्ये खूण यूएसबी००१ वर आहे का बघा. पुन्हा टाकल्यावर खरं पोर्ट यूएसबी००२ झालेलं असतं आणि खूण जुन्यावरच राहते. ज्यांच्याकडे विंडोज ११ ची २४एच२ आहे त्यांनी ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ बंद असल्याची खात्री करा, तो चालू असेल तर असले जुने ड्रायव्हर चालतच नाहीत.

सेवाकेंद्र, माजलगाव

आणि ड्रायव्हरमुळे मशीन चालूच झालं नाही तर? निळा स्क्रीन येतो आणि पुन्हा रीस्टार्ट, असं चक्र लागलं तर?

दुरुस्ती टेबल, परभणी

विंडोजचं चिन्ह दिसायला लागलं की पॉवरचं बटण दाबून बंद करा. असं लागोपाठ झालं की दुरुस्तीचा मेनू आपोआप उघडतो. ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, रीस्टार्ट, मग ४ म्हणजे सेफ मोड आणि ५ म्हणजे नेटसकट सेफ मोड. पोहोचलात तर डिव्हाइस मॅनेजर आणि पीएनपीयूटिल तिथंही चालतात.

नव्या लॅपटॉपवर इथं बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती बहुतेक मशीन पहिल्यांदा सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. खातं कुणाच्या मेलवर आहे हे आजच शोधून ठेवा, कारण किल्ली नसेल तर डेटा मिळत नाही, त्याला वळसा नाही.

सेफ मोडही उघडेना, तर त्याच मेनूतला कमांड प्रॉम्प्ट. तिथं विंडोजचा ड्राइव्ह कधी सी नसून डी असतो, ‘डीआयआर’ देऊन विंडोजचा फोल्डर कुठे आहे ते बघा. मग:

डीआयएसएम /इमेज:डी:\ /गेट-ड्रायव्हर्स

तारीख फसवी असते हे वर आलंच आहे, म्हणून विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमधली सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून शेवटचे बदल वाचा. ड्रायव्हर खरोखर कधी बसला ते तिथं सेकंदासकट असतं. दोषी सापडला की:

डीआयएसएम /इमेज:डी:\ /रिमूव्ह-ड्रायव्हर /ड्रायव्हर:ओईएम२७.आयएनएफ

स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर इथं अंदाजानं काढू नका, मशीन कायमचं अडेल. निळ्या स्क्रीनवर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असेल तर आधी बायोसमध्ये डिस्कचा मोड एएचसीआयचा रेड झाला का किंवा उलटं, ते बघा.

मोंढाकाटा, लातूर

डिस्प्ले नीट आला, १०२० छापतोय, कॉम ३ वर वजन येतंय. आता पुन्हा असं होऊ नये म्हणून काय बंद करायचं?

लॅबसहाय्यक, नांदेड

प्रो आवृत्ती आहे, म्हणजे गटधोरण संपादक मिळेल. ‘डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स’ चालू करा. होम आवृत्तीवाल्यांनी ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’मध्ये ‘नो’ करावं. अपडेटर सॉफ्टवेअर आता काढा. सिस्टीम प्रोटेक्शन सी ड्राइव्हवर चालू करून एक पॉइंट बनवा. आणि आत्ता सगळं चालू असताना सगळे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवा:

पीएनपीयूटिल /एक्स्पोर्ट-ड्रायव्हर * ई:\ड्रायव्हर

फोल्डर आधी तयार असावा लागतो. फोल्डरचं नाव इंग्रजीत आणि जागा न सोडता ठेवा. वजनाच्या सॉफ्टवेअरचा सगळा फोल्डरही त्याच पेनड्राइव्हवर घ्या.

वायर आणि पिना, जालना

अजून एक बघायचं राहिलं. उद्या सकाळी काटा आधी चालू करा आणि मग संगणक. इंडिकेटर सतत डेटा पाठवत असेल तर विंडोज सुरू होताना त्याला सीरियल माउस समजू शकतं. मग बाण स्क्रीनवर आपोआप उड्या मारतो, क्लिक होतात, खिडक्या उघडतात, आणि लोक व्हायरस समजून फॉरमॅट मारतात. तसं झालं तर काट्याची केबल काढा, बाण थांबेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट’ दिसेल. त्याला ‘डिसेबल’ करा. ‘अनइन्स्टॉल’ करू नका, ते पुढच्या बूटला परत येतं. एफटीडीआयचं कन्व्हर्टर असेल तर पोर्टच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधली ‘सीरियल एन्युमरेटर’ची खूण काढली तरी भागतं. ड्रायव्हर नव्यानं टाकला की ती खूण परत लागलेली असते.

मोंढाकाटा, लातूर

आत्ताच करून बघितलं, काटा चालू ठेवून रीस्टार्ट. बाण डावीकडे वर पळत होता. बॉलपॉइंट सापडला, डिसेबल केला, पुन्हा रीस्टार्ट. बाण जागेवर आहे आणि हिशेबपट्टीवर वजन बरोबर उतरतंय.